हायसिंथचा टप्पा

आमचे जावई, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, माझ्या कॉलेजात पहिल्यांदा आले ते जांभळ्या हायसिंथचा अर्थ विचारायला. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. प्रयोगशाळेत तेव्हा कांद्याच्या पापुद्र्याच्या स्लाइड चालल्या होत्या, त्यामुळे सगळ्यांचेच डोळे ओले होते. जावयांचेही झाले, आणि दारात उभ्या असलेल्या शिपायाचा तेवढ्यात गैरसमज झाला. हा माणूस फार सोसतोय असं काहीतरी त्याला वाटलं असावं. त्याने खुर्ची आणून दिली.

मी सांगितलं, हायसिंथला कंद असतो, दिसायला कांद्यासारखा. फुलं दांड्याभोवती दाटीने लागतात. वास गोड. कंद चुकून खाल्ला तर उलट्या होतात.

ते तसलं नको होतं त्यांना. अर्थ हवा होता. म्हणजे ते फूल काय सांगतं.

मी इतकी वर्षं फुलं कापतोय, उभी, आडवी, तिरपी. एकाही फुलाने मला काही सांगितलेलं नाही. फूल ही झाडाची वंश चालवायची सोय असते आणि त्याला जे काय सांगायचं असतं ते भुंग्याला. हे मी जावयांना म्हणालो. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी पहिल्या वर्षाच्या मुलांकडे पाहतो.

जावयांचा धंदाच अर्थांचा आहे. मोठमोठ्या कंपन्यांना ते रंगांबद्दल सल्ला देतात. टूथपेस्टच्या खोक्यावर निळा म्हणजे विश्वास, विम्याच्या कागदावर हिरवा म्हणजे उद्याची सकाळ. एकदा एका कुलपांच्या कारखान्याला त्यांनी केशरी रंग सुचवला. केशरी म्हणजे मोकळेपणा. कुलूपवाल्याने तो आनंदाने घेतला. हा माणूस या जगात उपाशी मरणार नाही, हे मला त्या दिवशी कळलं आणि बहिणीची काळजी मिटली. माणसं ज्या गोष्टीची काळजी करतात ती नेहमी चुकीची असते.

तर हायसिंथ. जांभळ्या हायसिंथचा अर्थ, कुठल्याशा फुलांच्या भाषेत, ‘मला माफ कर’ असा होतो, हे शेवटी त्यांनीच मला सांगितलं. मग मला विचारायला का आला होतात, असं मी विचारलं. दुजोरा हवा होता, म्हणाले. शास्त्रीय.

आता माफी कसली ते सांगतो. धाकटी चिडली की अडखळते. लहानपणापासूनचं आहे. एरवी सरळ बोलते, पण समोरचा ऐकत नसला की शब्दाचं पहिलं अक्षर तिच्या जिभेला धरून बसतं. जावयांनी आपल्या वाढदिवसाला ऑफिसातली मंडळी जेवायला बोलावली होती. जेवणानंतर, कोणी मागणी केलेली नसताना, त्यांनी धाकटीची नक्कल केली. वॉशिंग मशीन बिघडलं म्हणून तक्रार केंद्राला फोन करणारी धाकटी. पलीकडचा पोऱ्या तिला तीनतीनदा तेच विचारतोय आणि ती ‘म-म-म’वरच अडकलीय. नक्कल उत्तम झाली म्हणे. मंडळी हसून हसून आडवी झाली. धाकटी तेव्हा आइस्क्रीमच्या वाट्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने सगळ्यांना आइस्क्रीम दिलं, पाहुणे गेल्यावर वाट्या धुतल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन आमच्याकडे आली.

तिची अट साधी होती. त्याच लोकांना पुन्हा बोलवायचं, आणि त्यांच्यासमोर ‘चुकलो’ म्हणायचं. आइस्क्रीम मी पुन्हा वाढेन, असंही तिने सांगितलं होतं. इतकी सवलत मी कुठल्या अटीत पाहिलेली नाही.

जावयांना अट मान्य नव्हती असं नाही. त्यांना ती उथळ वाटत होती. शब्द स्वस्त असतात, असं त्यांनी मला प्रयोगशाळेत बसून समजावलं. सॉरी कोणीही म्हणतं, रिक्षावाला म्हणतो, लिफ्टमध्ये पाय पडला की लोक म्हणतात. त्यांना तिला असं काहीतरी द्यायचं होतं जे फक्त तेच देऊ शकतील. मी म्हटलं, ‘चुकलो’ हेही फक्त तुम्हीच म्हणू शकता, कारण चूक तुमची आहे. त्यावर ते म्हणाले की वाक्य छान आहे, टॅगलाइनला चालेल.

*

तालाचे जे खेळ असतात, त्यातला एक हे दोघं लग्नाआधीपासून खेळतात. पडद्यावर चार गल्ल्या असतात. वरून ठिपके घरंगळत येतात, गाण्याच्या ठेक्याबरोबर. ठिपका खालच्या रेषेला टेकला त्या क्षणी त्या गल्लीचं बटण दाबायचं. आधी नाही, नंतर नाही. चुका साचल्या की सगळं कोसळतं आणि पुन्हा पहिल्यापासून. मला विचाराल तर हे प्रकरण टाइपरायटिंगच्या परीक्षेसारखं आहे, फक्त नोकरी लागत नाही.

धाकटी त्यात वस्ताद आहे. ती फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे आणि रुसलेले गुडघे सोडवते, त्यामुळे बोटांत ताकदही आहे आणि समजही. खेळात तिने ‘आजीबाई’ असं नाव घेतलंय, आणि कुठल्या कुठल्या गावांतली टगी पोरं आजीबाईंना घाबरून असतात. संध्याकाळी ती आमच्या मागच्या खोलीत चार बटणांची पाटी मांडीवर घेऊन बसली की माझी बायको दारात उभी राहून बघते. बायकोचं म्हणणं असं की ती खेळताना तिच्या चेहऱ्यावर जी शांतता असते ती आमच्या लग्नानंतर एकदाही माझ्या चेहऱ्यावर आलेली नाही.

या खेळात लोकांना स्वतःच्या लेव्हली बनवता येतात. गाणं आपलं, ठिपके आपले, चित्रं आपली. जावयांनी ठरवलं, धाकटीसाठी फुलांची लेव्हल बनवायची. प्रत्येक टप्प्यात एक फूल, प्रत्येक फुलाचा अर्थ, आणि सगळे अर्थ ओळीने जोडले की तयार होणार ते पत्र. ज्या माणसाला एक शब्द म्हणायचा होता, त्याने असा हा द्राविडी प्राणायाम आरंभला. माझ्या बायकोला हे कळलं तेव्हा ती भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, “एक शब्द आहे. त्याला काय बाळंतपण लागतं?”

इकडे धाकटीला दुसऱ्या शहरातल्या एका इस्पितळाने विभागप्रमुखाची जागा देऊ केली होती. मोठा विभाग, राहायला घर. तिने एकदा मुदत वाढवून घेतली होती, आता शुक्रवारी संध्याकाळपर्यंत काय ते कळवायचं होतं. मुदत का वाढवून घेतली ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी त्यावर बोलत नव्हतं. फोन वाजला की ती हातातलं काम टाकून बघायची, मग पुन्हा काम उचलायची. चांगली शहाणीसुरती बाई. पण तिला परत जायचं होतं. कोणी बोलावलं तर. मी हे जावयांना स्पष्ट सांगितलं, शुक्रवारसकट. त्यांनी मान डोलावली. डेडलाइन असली की आपलं काम खुलतं, म्हणाले.

*

त्यांनी मला काम दाखवायला घरी बोलावलं. वनस्पतिशास्त्रीय तपासणी, असं त्याला नाव दिलं होतं.

बैठकीच्या खोलीतला सोफा भिंतीशी सरकवला होता. टेबलावर दोन मोठे पडदे, एक लॅपटॉप, हेडफोन, आणि कॉफीचे मग, ज्यांतल्या काहींवर माझ्या विषयाचा अभ्यास सुरू करता आला असता. भिंतीवर फुलांची चित्रं चिकटवली होती. वॉशिंग मशीन अजून बिघडलेलंच होतं. कोपऱ्यात कपड्यांचा ढीग होता, आणि त्या ढिगाचा अर्थ कोणी शोधलेला दिसत नव्हता.

सुरुवात लाल ट्यूलिपने. म्हणजे प्रेमाची कबुली. मग सूर्यफूल, निष्ठा. मग ‘मला विसरू नको’ अशा नावाचं एक निळं बारीक फूल, ज्याला दुसरा अर्थ चिकटवायची कोणाची हिंमत झालेली नाही. शेवटी पांढरी लिली, शुद्ध मन. मी म्हटलं, कित्येक ठिकाणी लिली प्रेताजवळ ठेवतात. जावई म्हणाले, “शुद्ध मन.” पिवळ्या कार्नेशनबद्दल त्यांची थोडी ओढाताण झाली होती. रंगशास्त्राप्रमाणे पिवळा म्हणजे आनंद, पण फुलांच्या भाषेत पिवळं कार्नेशन म्हणजे तुच्छता. कोणी तिरस्कार म्हणतं, कोणी नकार म्हणतं. मग त्यांनी शोध चालू ठेवला, आणि कुठल्यातरी फुलवाल्याच्या जाहिरातीत ‘प्रसन्नता’ सापडल्यावर थांबवला. संशोधन असंच करतात; माझ्या हाताखालची पीएचडीची मुलंही हीच पद्धत वापरतात.

आणि लिलीच्या बरोबर आधी, गाण्यातला ड्रम जिथे सगळ्यात जोरात घुमतो तिथे, जांभळी हायसिंथ. माफी.

इथे त्यांनी जीव ओतला होता. चारी गल्ल्यांतून जांभळ्या ठिपक्यांचा असा दाट मारा होता की पडद्यावर कुणीतरी शाई सांडली असं वाटावं. मी विचारलं, एवढं कशाला? तेव्हा त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. म्हणाले, माफी मागणं सोपं नसतं, दादा. ते खेळणाऱ्याला बोटांत जाणवलं पाहिजे.

“पण खेळणार ती आहे,” मी म्हटलं. “माफी मागायची आहे तुम्ही.”

“ते रूपक आहे.”

रूपकाशी वाद घालून कोणी जिंकलेलं नाही.

ऑफिसातल्या मंडळींना दाखवलं, असं त्यांनी पुढे सांगितलं. टीमला खूप आवडलं. दोघं तर रडले. हीच टीम वाढदिवसाला जेवायला होती ना, मी विचारलं. हो, हीच. मग त्यांना सांगितलंत का, की हे सगळं कशासाठी चाललंय? जावयांनी हेडफोनची वायर सोडवायला घेतली. टीमला वाटतंय की लग्नाच्या वाढदिवसाचं सरप्राइज आहे. आणि ती इतके दिवस घरी का नाही असं वाटतंय त्यांना? तर मला बरं नसतं म्हणून ती माझ्याकडे आली आहे, असं सांगून ठेवलं होतं.

“मला काय झालंय?”

“कंबर,” जावई म्हणाले. “तिचं क्षेत्र आहे ना. पटण्यासारखं वाटलं.”

मी त्यांच्याकडे ताठ उभा राहून पाहत राहिलो. दुसरं काय करणार.

आता या खेळाचा एक नियम आहे, आणि मला या सगळ्या प्रकरणात आवडलेली तेवढी एकच गोष्ट. लेव्हल ज्याने बनवली त्याने ती आधी स्वतः, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न कोसळता खेळून दाखवायची. तरच ती दुसऱ्याला पाठवता येते. नाहीतर उंटावरून शेळ्या हाकणारे लोक वाटेल ते अशक्य रचून मोकळे होतील. खड्डा खणणाऱ्याने आधी उडी मारून दाखवावी, एवढंच मागणं. हा नियम ज्याने केला त्याला संसाराचा अनुभव असणार.

जावयांनी मला खेळून दाखवलं. ट्यूलिप छान पार पडलं. सूर्यफुलाला किरकोळ ठेचा लागल्या, निभावलं. कार्नेशन झालं, निळी फुलं झाली. आणि हायसिंथ आली तशी त्यांची बोटं एकमेकांत अडकली. पहिल्याच दोन-चार ठिपक्यांत. तोच तोच ठिपका चुकत होता, पुन्हा पुन्हा दाबत होते आणि पुढचे येऊन आदळत होते. पडदा काळा झाला. पाकळ्या गळाल्याचं चित्र आलं, तेही त्यांनीच काढलेलं, आणि पुन्हा लाल ट्यूलिप.

ते पुन्हा खेळले. पुन्हा हायसिंथपाशी गेले आणि पुन्हा पडले. मी बसलो होतो तेवढ्या वेळात हा माणूस कितीदा तरी माफीपर्यंत पोचला आणि एकदाही पलीकडे गेला नाही. प्रेम, निष्ठा, आनंद, आठवण, सगळं त्याला घडाघडा येत होतं. घोडं अडत होतं ते तिथेच. मग बटणांची पाटी वाईट निघाली. मग खुर्ची बुटकी निघाली. मग मागे मी बसलोय त्याचं दडपण येतंय असं निघालं. नाचता येईना आणि अंगणात मीच वाकडा, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. तिथूनही पाकळ्या गळण्याचा आवाज येत होता.

परत येऊन मी म्हटलं, जावईबापू, तो टप्पा सोपा करा. थोडे ठिपके काढा. ते म्हणाले, मग ती माफी वाटणार नाही. मी म्हटलं, तो तुमच्या कोपराशी पडलाय तो फोन. त्यात तिचा नंबर आहे. त्यांनी फोनकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना विहिरीत उडी मारायला सांगितलं होतं.

“आता इतकं झाल्यावर नुसतं बोलायचं? सगळी मेहनत वाया जाईल, दादा.”

मी घरी आलो. धाकटीने विचारलं, कुठे होतास? कंबर दाखवायला गेलो होतो, म्हटलं. तिला कळलं नाही आणि मी कळू दिलं नाही.

गुरुवारी जावयांचा फोन आला. झालं, पार केली, पाठवतोय उद्या. मला खरोखर आनंद झाला, आणि आश्चर्यही वाटलं. हायसिंथ जमली का, मी विचारलं. मार्ग काढला, म्हणाले. चिकाटी असेल तर माणूस काहीही करतो, असं मी बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, कोणता मार्ग काढला ते विचारलंस का? नव्हतं विचारलं.

*

शुक्रवारी धाकटी कामावरून आली तेव्हा निरोप येऊन पडला होता. तुझ्यासाठी काहीतरी बनवलंय. एवढंच. खाली एक विनंती होती की खेळताना तुझा पडदा मला दिसेल असं ठेव.

तिने हात धुतले. केस वर बांधले. मागच्या खोलीत जाऊन पाटी मांडीवर घेतली आणि मग आम्हा दोघांकडे पाहून म्हणाली, “उभे काय आहात, बसा की. पाहुण्यासारखे.” आम्ही पलंगावर बसलो. बायकोने येताना गॅस बारीक केला नव्हता हे तिच्या मागाहून लक्षात आलं, पण ती उठली नाही.

लाल ट्यूलिप आलं. धाकटीची बोटं त्याच्या आधीच तिथे होती, घाई नाही, धसका नाही. वर ‘प्रेमाची कबुली’ अशी नाजूक अक्षरं उमटली आणि धाकटी हसली. जावयांचा मला राग असा फारसा कधी आला नव्हता. रागाला माणूस निदान समोर दिसावा लागतो, आणि या माणसाच्या अंगावर कायम कुठलं ना कुठलं वेष्टन असायचं. पण ती हसली तेव्हा आला. कारण ते हसू अगदी साधं होतं. त्यात अट नव्हती, आइस्क्रीम नव्हतं, काही नव्हतं. त्याने त्या क्षणी दारावर टकटक केली असती तर ती चपला न घालता गेली असती.

सूर्यफूल झालं. पिवळं कार्नेशन आलं, प्रसन्नतेसकट. ‘मला विसरू नको’ झालं. ड्रम चढू लागला. मला माहीत होतं आता काय येणार, मी पुढे सरकून बसलो. तिनेही बोटं ताणून चारी बटणांवर ठेवली. खेळणाऱ्याला ठेक्यावरून कळतं, आता मोठं काहीतरी येतंय.

काहीच आलं नाही.

ड्रम धडाधड वाजत होता आणि पडद्यावरच्या चारही गल्ल्या रिकाम्या होत्या. मागे जांभळट प्रकाश होता फक्त, फूल काढून नेल्यावर कुंडीत माती राहते तसा. धाकटीची बोटं बटणांवर तशीच टेकलेली. ती वाट पाहत होती. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. ड्रम संपला, पांढरी लिली आली, धाकटीने तीही बिनचूक झेलली आणि पडद्यावर पूर्ण गुणांची रोषणाई झाली. पहिल्याच फटक्यात.

फोन लगेच वाजला. तिने तो स्पीकरवर टाकून पाटीवर ठेवला.

पलीकडून आधी टाळ्याच ऐकू आल्या. पुष्कळ लोकांच्या. मग जावयांचा आवाज, जाहिरातीतल्यासारखा भरलेला. कसं वाटलं, म्हणाले. टीम इथेच आहे सगळी, आम्ही मोठ्या पडद्यावर बघत होतो, तू एकही चुकली नाहीस. मागून कुणीतरी बाई ओरडून विचारत होती की दादांची कंबर कशी आहे. धाकटीने माझ्या कंबरेकडे पाहिलं. मग फोनकडे.

“छान आहे,” ती म्हणाली. “मधे रिकामं आहे.”

“ती शांतता आहे. मुद्दाम ठेवलीय. तिथे काही न बोलणं हेच...”

“तिथे ड्रम वाजतोय.”

“नाही म्हणजे...” जावई म्हणाले.

“ड्रम एवढा वाजतोय आणि तुझ्याकडून काही नाही,” धाकटी म्हणाली. “असं कोणी रचत नाही. तिथे काहीतरी होतं आणि तू ते काढलंस. काय होतं?”

पलीकडे टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. जावयांनी आवाज खाली आणून सांगितलं की हायसिंथ होती. जांभळी. जरा अवघड झाली होती, ती पार होईना, आणि शुक्रवार आला. पण एकंदर अर्थाला त्याने धक्का लागत नाही, असं त्यांचं मत पडलं.

“त्याचा अर्थ काय?”

“अगं, दादांना विचार ना. त्यांना माहितीये.”

मला माहीत होतं, पण मी बोललो नाही. हा शब्द माझ्या तोंडून जावा असं काही माझं त्या घराशी नातं नाही.

धाकटीने हात मांडीवर घेतले. ती चिडली आहे हे तिच्या चेहऱ्यावरून नाही, गळ्यावरून कळतं. तिथे एक शीर उभी राहते.

“ते... ते त्-तेच लोक आहेत ना? वाढदिवसाचे?”

“हो, सगळे आहेत.”

“म-म...” ती थांबली. डोळे मिटले. घाईही केली नाही, आणि शब्द बदलूनही पाहिला नाही. “म-मग म्हण. आत्ता. तोंडाने.”

इतकं आयतं कोणाला मिळत नाही. त्याच माणसांना तिने बोलवायला सांगितलं होतं आणि याने ती स्वतःहून गोळा करून बसवली होती, मोठा पडदा लावून. जेवणही घालायला नको. अट पुरी व्हायला एक शब्द कमी होता. तो तीन अक्षरांचा होता आणि त्याला बटण दाबावं लागत नव्हतं.

आम्ही तिघंही फोनकडे पाहत होतो. माझी बायको ओठांतल्या ओठांत त्याला तो शब्द पढवत होती, मुलांच्या स्नेहसंमेलनात आया विंगेतून पढवतात तशी.

“अगं,” जावई म्हणाले, अगदी हळू, “स्पीकरवर आहेस.”

“मला माहितीये.”

“लोक आहेत. नंतर बोलू ना आपण, निवांत.” मग आवाज पुन्हा भरला, टीमसाठी. “आणि खाली रेटिंग द्यायला विसरू नकोस हं. त्याशिवाय लेव्हल बाकीच्यांना दिसत नाही.”

मागे कोणीतरी हसलं. वाईट हसणं नव्हतं ते, नुसतंच हसणं होतं. मोकळं होण्यासाठी हसतात तसं.

धाकटीने फोन बंद केला. पडद्यावर खेळ खरोखरच विचारत होता: ही लेव्हल कशी वाटली, सोपी, मध्यम की कठीण? तिने थोडा वेळ पाहिलं आणि काही न दाबता यंत्रच बंद केलं. पाटीची वायर काढून नीट गुंडाळली. रडेल असं मला वाटलं होतं, म्हणून मी उठून तिच्या खांद्यावर हात ठेवायच्या तयारीत होतो. तो हात मी मग उगाच खिडकीच्या कडीला लावला.

“द्-दादा,” ती म्हणाली, “इस्पितळाचा फोन किती वाजेपर्यंत चालू असतो? ऑफिसचा.”

चालू असेल अजून, मी म्हटलं. मी लावून देऊ का, बोलू का तुझ्या वतीने? हे मी का विचारलं कोणास ठाऊक. माणूस चांगुलपणाने मूर्खपणा करतो तेव्हा त्याला कोणी आवरत नाही. तिने आवरलं. नुसतं बघून.

तिने नंबर लावला. स्वयंपाकघरात काहीतरी करपल्याचा वास सुटला होता आणि वरचा पंखा घरघरत होता. बायको धावत गेली, गॅस बंद केला, जाता जाता टीव्ही बंद केला, येता येता पंखा बंद केला, आणि दार लोटून घेऊन दाराला पाठ लावून उभी राहिली.

पलीकडे कुणी बाई होत्या. धाकटी स्वतःच्या नावापाशीच अडखळली. पहिलं अक्षर धरून बसलं ते बसलंच. पलीकडच्या बाई मधे बोलल्या नाहीत. ‘हॅलो हॅलो’ नाही, ‘आवाज येत नाहीये’ नाही. त्या थांबल्या. धाकटीने नाव पूर्ण केलं, मग आडनाव, मग विभाग. आणि मग म्हणाली की सोमवारपासून येऊ शकते, आणि राहायच्या जागेला ऊन येतं का, कारण तिच्याकडे थोडी झाडं आहेत, ती भावाने दिलीत, नुसती पानांची, त्यांना फुलं येत नाहीत.